आडवी कडक, उभी मऊ

पन्नास हजारांत रोड बाईक घेणाऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही. त्याला अ‍ॅल्युमिनियम मिळतं, तो ते घेतो आणि घरी जातो. पाच लाखांत घेणाऱ्यालाही कोणी विचारत नाही. त्याला कार्बन मिळतं, आणि त्याला काही विचारायची आपली छाती होत नाही. हाल होतात ते दीड लाखवाल्याचे. ही रक्कम अशा अवघड जागी उभी आहे की तेवढ्यात दोन्ही मिळतं आणि दोन्हीतलं धड काहीच मिळत नाही. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम घेतली तर तिच्यावर शिमानोचा १०५ हा नाव घ्यावा असा गिअरसेट बसतो. कार्बनची घेतली तर निम्मे पैसे फ्रेमच गिळते आणि गिअर येतात टियाग्राचे किंवा सोराचे, चाकं तर मनावर दगड ठेवूनच बघावी लागतात. कोथरूडला वन बीएचके की वाघोलीला टू बीएचके, हा प्रश्न ज्या घरात वर्षभर जेवणाबरोबर वाढला गेला आहे, तिथे हा पेच उलगडून सांगावा लागत नाही.

सायकल घ्यायचं ठरलं आणि माझं सायकल चालवणं बंद झालं. जुनी हायब्रीड पार्किंगमध्ये मागचं चाक पंक्चर होऊन उभी होती. आता नवी येणारच आहे तर हिचं पंक्चर कशाला काढा, असा हिशेब. त्यामुळे पहाटेचा वेळ अभ्यासाला मोकळा झाला. इंजिनिअरिंगला मटेरियल सायन्सच्या तासाला मी जेवढा जागा नव्हतो तेवढा आता रात्री एक वाजता जागा असायचो. कार्बनचा एकेक तंतू माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका बारीक असतो. त्या तंतूंच्या इपॉक्सीत भिजलेल्या पट्ट्या हातानं, वेगवेगळ्या दिशांनी साच्यात लावतात आणि मग दाब देऊन भाजतात. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ ठेवतात, कारण वेल्डिंग टोकांना होतं. एवढं ज्ञान पोटात ठेवून माणूस गप्प कसा बसणार? मी ते जेवताना सांगायचो.

"भाजी कशी झालीये?" बायकोनं विचारलं.

"नळीची जाडी मध्ये एक मिलिमीटरसुद्धा नसते, माहितीये?"

"अरे, पडवळाची भाजी कशी झालीये?"

आईचं मात्र लक्ष होतं. अ‍ॅल्युमिनियम हा शब्द कानावर पडताच तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "अ‍ॅल्युमिनियम? या घरातलं अ‍ॅल्युमिनियम मी केव्हाच मोडीत काढलं. घ्यायचीच तर हिंडालियमची घे."

"आई, सायकल आणायचीये, कढई नाही."

"मग तर घेच. हिंडालियमला पोचा येत नाही लवकर."

मी तेव्हा हसलो, पण रात्री उठून तपासलं. सायकलीच्या फ्रेमला वापरतात ते ६०६१ जातीचं अ‍ॅल्युमिनियम म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घालून मजबूत केलेलं अ‍ॅल्युमिनियम. आणि हिंडालियम म्हणजे? मॅग्नेशियम वगैरे घालून मजबूत केलेलं अ‍ॅल्युमिनियम. ज्या धातूची माहिती मी इटालियन सायकलींच्या माहितीपत्रकातून गोळा करत होतो, त्याचे दूरचे नातलग आमच्या मांडणीवर पालथे पडले होते आणि त्यांच्यात आठवड्यातून दोनदा साबुदाण्याची खिचडी होत होती.

पण घरच्यांचं ऐकून निर्णय घेणाऱ्यांतला मी नाही. त्यासाठी खडकवासल्याची चौपाटी आहे. रविवारी सकाळी पुण्यातले यच्चयावत सायकलवाले सिंहगडाच्या दिशेनं निघतात, त्यातले बरेच खडकवासल्यापाशीच पोह्यांना लागतात आणि उरलेले गडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन पोह्यांना लागतात. मी तिथे मोटारीनं जात असे. सल्ला विचारायचा तर वेळेवर पोचायला हवं.

तिथली एक रीत बघण्यासारखी आहे. नवा माणूस आला की तो किती किलोमीटर आला, कुठून आला, दम लागलाय का, हे कोणी विचारत नाही. लोक उठतात, त्याच्या सायकलीपाशी जातात आणि वरच्या नळीखाली दोन बोटं घालून ती उचलतात. जमिनीपासून वीतभर. मग मान जराशी तिरकी करून, ओठ मुडपून, खाली ठेवतात. कार्बन असेल तर भुवया वर जातात. अ‍ॅल्युमिनियम असेल तर "बरीये की" असं म्हणतात आणि पोह्यांकडे वळतात. एका गृहस्थांना मी पाच-सहा सायकली ओळीनं उचलताना पाहिलं. ते स्वतः स्कूटरवर आले होते.

या मंडळात दोन पीठं आहेत. कार्बनपीठावर डॉक्टर असतात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पीठावर बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर. दोघं एकमेकांशिवाय कधी राईडला निघत नाहीत.

"टूर द फ्रान्स अ‍ॅल्युमिनियमवर जिंकलेली आहे," मॅनेजरसाहेबांनी मला बसल्या बसल्या पहिला मुद्दा दिला. "१९९८. पँटानी. बियांकीची सायकल."

"आणि त्यानंतर?" डॉक्टर.

"त्यानंतर १९९९ पासून सलग सात वर्षं कार्बनवाला आर्मस्ट्राँग."

"बघा!"

"आणि २०१२ मध्ये त्याचे सातही किताब काढून घेतले."

"तो काय फ्रेमचा दोष होता? त्याच्या रक्ताचा होता. आणि रक्ताचं मला सांगू नका. तुमच्या पँटानीला १९९९ च्या जिरो शर्यतीतून हिमॅटोक्रिट वाढलं म्हणून घरी पाठवलं होतं."

"वाढलं असेल, पण फ्रेम शाबूत होती."

मी वहीत लिहून घेत होतो. या दोघांच्या मांडणीत मला सगळ्यात आवडलं ते हे की आपली फ्रेम कशाची असावी याचा निर्णय ते डोंगर चढणाऱ्या एका इटालियन आणि एका अमेरिकन गड्याच्या रक्ततपासणीवरून घेत होते, आणि स्वतः कात्रजच्या जुन्या घाटात चहाला दोनदा थांबत होते.

मग कोणीतरी डॉ. अमित समर्थांचा विषय काढला. या नागपूरच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत पूर्ण केली. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, जवळजवळ पाच हजार किलोमीटर. त्यावर चर्चा चांगली रंगली. त्यांची फ्रेम कशाची होती, चाकं कुठली होती, सीट कुठलं होतं, हे सगळं झालं. बारा दिवसांत ते झोपले किती, हा प्रश्न पोहे आणून देणाऱ्या मुलानं विचारला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

कार्बनच्या नाजूकपणाबद्दल मॅनेजरसाहेबांचं बोलणं जरा झोंबणारं असतं. कार्बनला तडा गेला तर बाहेरून दिसेलच असं नाही, हे खरं आहे, आणि ते डॉक्टरांच्या मर्मावर बसतं. म्हणून खड्डा जोरात लागला की डॉक्टर बाजूला थांबतात, खिशातून एक रुपयाचं नाणं काढतात, फ्रेमवर इंचाइंचानं टकटक वाजवत जातात आणि कान लावून ऐकतात. खणखणीत वाजलं तर ठीक. कुठे बद्द वाजलं तर आत थर सुटलेत असं समजायचं. छातीवर बोटं वाजवून बघण्यात त्यांची हयात गेली आहे, त्यामुळे हात छान चालतो. फक्त खड्डे पुण्याचे असल्यामुळे राईडला वेळ लागतो.

"आमचं काही नाही तसलं," मॅनेजरसाहेब तेवढ्यात हवा खात म्हणतात. "अ‍ॅल्युमिनियम सांगून तुटतं."

"काही सांगत नाही," डॉक्टर नाणं वाजवत वाजवत. "स्टीलला थकव्याची काही एक मर्यादा असते, त्याच्या खाली कितीही ताण द्या. अ‍ॅल्युमिनियमला ती नाही. ते रोज थोडं थोडं थकतं."

"मीही थकतो रोज थोडं थोडं. मोडलोय का?"

एकदा डॉक्टरांची सीटपोस्ट घसरायला लागली. वाटेत झाडाखाली पंक्चरवाला होता. त्यानं पाना हातात घेतला आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"किती घट्ट करू साहेब?"

"पाच न्यूटन मीटर."

"म्हणजे दम लावून का हळू?"

डॉक्टरांनी त्याच्या हातातून काम काढून घेतलं. त्यांच्या पाठीवरच्या खिशात टॉर्क रेंच असतोच. बोल्टवर ठराविक जोर पडला की तो रेंच 'टक्' असा आवाज करून पुरे म्हणून सांगतो. डॉक्टर गुडघ्यावर बसले, श्वास रोखून रेंच फिरवू लागले, भोवती आम्ही पाच-सहा जण वाकून बघतोय, आणि 'टक्' झालं.

"गेलं का?" पंक्चरवाला हळहळून म्हणाला.

वजनाचा निकाल लावायला आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडे गेलो. कल्पना मॅनेजरसाहेबांची. भंगारवाल्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा होता आणि सकाळी गिऱ्हाईक नव्हतं. मॅनेजरसाहेबांची सायकल साडेनऊच्या जरा खाली भरली. डॉक्टरांची काट्यावर चढली आणि लगेच उतरली, कारण बाटली काढायची राहिली होती. मग पंप काढला, दिवा काढला, सीटखालची पिशवी काढली. मग डॉक्टर म्हणाले, पेडल काढायला हवेत. कंपन्या वजन नेहमी पेडलशिवायच सांगतात. हे खरं आहे आणि मला ते फार आवडलं. एवढ्या शास्त्रशुद्ध जगात सायकलीचं वजन मोजायची पद्धत अशी की ती चालवता येऊ नये. शेवटी डॉक्टरांची सायकल नऊच्या खाली आली आणि टाळ्या झाल्या. शर्यतीतल्या सायकलीचं वजन ६.८ किलोच्या खाली असता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा २००० सालापासूनचा नियम आहे. त्या नियमाचा भंग व्हायला आम्हा दोन्ही पक्षांना अजून बराच वाव होता.

भंगारवाला इतका वेळ गप्प होता. त्यानं दोन्ही सायकलींवर बोटाची गाठ मारून पाहिली.

"हिला रेट आहे," तो मॅनेजरसाहेबांच्या सायकलीला म्हणाला. मग डॉक्टरांच्या सायकलीकडे वळला. "ही फायबर आहे ना? फायबर आपण घेत नाही."

डॉक्टर परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. अ‍ॅल्युमिनियम वितळवून परत वापरता येतं आणि कार्बन-इपॉक्सीचं पुढे काय करायचं हा अवघड मामला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपल्या सव्वादोन लाखांना कोणी फुकटातही नको म्हटलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

घरी येऊन मी हिशेब मांडला. या किमतीतल्या फ्रेमा फ्रेमा तोलल्या तर फरक अर्धा किलोच्या आसपास. पाण्याची मोठी बाटली भरली की पाऊण किलो. म्हणजे सिंहगडाच्या पायथ्याशी एक बाटली पिऊन टाकली की अ‍ॅल्युमिनियमचं आपोआप कार्बन होतं! मी हा शोध बायकोला सांगितला.

"पण प्यायलेलं पाणी जाणार कुठे? तुझ्यातच ना?" ती म्हणाली.

मी म्हटलं, घामावाटे जाईल. ती म्हणाली, मग तेवढा वेळ तरी थांब पायथ्याशी. यानंतर तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं. तो विनोद मी इथे सांगणार नाही. तो आमच्या वॉचमननं केलाय, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसानं केलाय आणि दुकानदारानं फार नम्रपणे, "सर, ओव्हरऑल सिस्टिम वेट बघा," असं म्हणून केलाय.

दुकानदार हा या प्रकरणातला सगळ्यात निर्मळ माणूस. तो कुठलीच बाजू घेत नाही. कार्बनकडे पाहिलं की तो कार्बनचा, अ‍ॅल्युमिनियमला हात लावला की अ‍ॅल्युमिनियमचा. दोन्हींबद्दल तो एकच वाक्य बोलायचा : "सर, ही आडवी कडक आहे आणि उभी मऊ आहे." म्हणजे पेडल मारताना फ्रेम बाजूला वाकायची नाही, पण खड्ड्यात गेल्यावर धक्का मात्र गिळायचा. हे माहितीपत्रकातही होतं. दीड लाखाच्या सायकलीच्या पत्रकात होतं आणि सहा लाखांच्याही होतं.

"तुमचा यूज काय आहे सर?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, अजून ठरायचंय.

टेस्ट राईड दिली ती संध्याकाळी सात वाजता. पुढे पीएमपीची बस, बाजूला रिक्षा, मागे दुकानातला पोरगा पळत. उभी मऊ आहे का हे कळायला पुण्यात दुकानाबाहेर फार लांब जावं लागत नाही. आडवी कडक आहे का हे कळण्याइतका वेग मात्र बसनं येऊ दिला नाही. आधी एक चालवली, मग दुसरी चालवली, आणि दोन्हींबद्दल माझं ठाम मत झालं की ब्रेक उत्तम आहेत.

आता डॉक्टरांच्या कार्बनचा तो प्रसिद्ध मऊपणा. मॅनेजरसाहेब मनातल्या मनात तेवढी एक गोष्ट मान्य करत. लांबच्या राईडनंतर त्यांचे तळहात झिणझिणत आणि डॉक्टर ताजेतवाने. एका रविवारी पोहे यायला उशीर होता, मी उकिडवा बसून दोन्ही सायकलींचे टायर वाचले. टायरच्या कडेला बारीक उठावाच्या अक्षरांत रुंदी लिहिलेली असते, वर चिखल असतो, थुंकी लावून पुसावं लागतं. मॅनेजरसाहेबांच्या टायरवर २५ होतं. डॉक्टरांच्या, ३२. रुंद टायरमध्ये हवा कमी भरता येते, आणि कमी हवेचा टायर रस्त्याचा धक्का जितका गिळतो तितका कुठल्याही फ्रेमच्या बापाला गिळता येत नाही. इतकी वर्षं हे दोघं टायरवरून भांडत होते.

मी हे मोठ्यानं सांगितलं. दोघांनीही ऐकून घेतलं. मग डॉक्टर म्हणाले, "पण फील वेगळा असतो." आणि मॅनेजरसाहेब म्हणाले, "तुमचा फील वेगळा, आमचा हिशेब वेगळा." पोहे आले. त्या दिवशी पोह्यांच्या टेबलावर खुर्ची मात्र मला स्वतःच ओढून आणावी लागली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. आवाज खाली. "तुम्ही एवढा अभ्यास करताय म्हणून सांगतो, कुठे बोलू नका. मला तो निळा रंग आवडला होता. तो कार्बनमध्येच होता." दोनच दिवसांनी मॅनेजरसाहेब भाजीमंडईत भेटले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "खरं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर बिनव्याजी हप्ता होता," ते म्हणाले. "बारा महिन्यांचा. आम्हाला असं सोडवतं होय?"

मी वही मिटली आणि दुकानात गेलो. माझ्या मापाची, म्हणजे ५४ ची, कार्बन फ्रेम यायला चार महिने लागणार होते. ५४ चं अ‍ॅल्युमिनियम शिल्लक होतं, आणि ते हिरवं होतं. कैरीसारखं नाही, बाटलीसारखंही नाही. बायको म्हणाली ते रामा हिरवं. तिनं लगेच पसंत केलं. दुकानदार म्हणाला, "बेस्ट डिसिजन सर. आडवी कडक आहे."

सायकल घरी आली. "स्टँड कुठेय?" आईनं विचारलं. नाही म्हटलं. "मडगार्ड?" नाही. "घंटी?" तीही वेगळी घ्यावी लागणार होती. दीड लाखांत काय काय नाही याची यादी तिनं अशा रीतीनं पूर्ण केली आणि मग हळदीकुंकू घेऊन आली. डाउनट्यूबवर कंपनीचं नाव होतं, त्याच्या जरा वर तिनं अनामिकेनं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं.

"शेवटी कशाची घेतलीस?"

"हिंडालियमची," मी म्हणालो.

"हां," ती म्हणाली. पदराला हात पुसत तिनं फ्रेमच्या मधोमध लावलेल्या पिंजऱ्यातली बाटली बघितली, झाकण उघडून वास घेतला. राईडसाठी केलेलं लिंबू-मिठाचं पाणी होतं.

"हे काढ आधी. हिंडालियममध्ये आंबट ठेवायचं नसतं."